वाघ्याचे कान

बेगमपुऱ्यातल्या एका गल्लीत एक शिंपी राहत होते. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. खाली दुकान, वर दोन खोल्या, घरात बायको आणि एक लेक. मास्तर जास्त करून खाकी शिवत. छत्रपती संभाजीनगरातल्या कितीतरी पोलिसांच्या अंगावर त्यांच्या हातचा गणवेश होता. खिशाची झडप चापून बसलेली, विजारीची घडी सरळ आणि कॉलर ताठ. कॉलरवर मास्तरांचा विशेष जीव. आत बकरम नीट कापून घातलं की कितीही धुतली तरी कॉलर मान टाकत नाही, असं ते हाताखालच्या पोरांना सांगत. आणि ते खरंही होतं.

दर २६ जानेवारीला ते पोलीस आयुक्तालयाच्या देवगिरी मैदानावर संचलन बघायला जात. आपण शिवलेले कपडे एका ओळीत चालताना बघणं हा त्यांचा सण होता. एका वर्षी संचलनात श्वानपथक होतं आणि त्यात एक जर्मन शेफर्ड होता. काळी पाठ, तांबूस पाय आणि डोक्यावर दोन उभे, टोकदार कान. बँड वाजत होता, माणसं टाळ्या वाजवत होती, कुत्रा मात्र समोर बघत चालला होता. मास्तर घरी आले तेव्हाही ते कान त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

योग असा आला की त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. गिऱ्हाईक पदमपुऱ्यात राहणारे हवालदार. दोन गणवेशांची शिलाई द्यायची राहिली होती. "मास्तर, पैशांऐवजी पिल्लू नेता का?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारू दिलं नाही.

पिल्लू दोन महिन्यांचं होतं. पंजे अंगाच्या मानाने मोठे, पोट गोल, आणि दोन्ही कान डोळ्यांच्या बाजूंनी खाली पडलेले. मास्तरांनी एक कान बोटाने उचलून धरला. सोडला तसा तो पुन्हा पडला.

"सगळ्यांचे असेच असतात," हवालदार म्हणाले. "होतील उभे."

मास्तरांनी त्याचं नाव वाघ्या ठेवलं.

वाघ्या वाढू लागला. दुकानातल्या चिंध्यांत तोंड घालून झोपे. मशीनचं पायडल खालीवर होऊ लागलं की त्याच्याशी खेळायला जाई. लेक शाळेतून आली की दप्तराचा पट्टा ओढी. मास्तर मात्र रोज सकाळी त्याला दुकानाच्या पायरीवर बसवत आणि समोर उभं राहून कान बघत. येणारंजाणारं माणूसही कानच बघे. "मास्तर, शेफर्ड म्हणून गावठी तर गळ्यात मारलं नाही ना कुणी?" पानवाला म्हणे. सगळे हसत. मास्तरही हसत, पण दिवसभर ते वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला कान उठू लागले. आधी डावा अर्धा उठला. मग उजवा सरळ झाला. एक दिवस तर दोन्ही कान टोकापर्यंत उभे राहिले. मास्तरांनी नवी साखळी आणली आणि वाघ्याला पाणचक्कीपर्यंत फिरवून आणलं. वाटेत चहाच्या टपरीवर थांबले. पानवाल्यासमोरून मुद्दाम दोनदा गेले. त्या रात्री ते बायकोला म्हणाले, "बघितलंस? जातिवंत आहे."

मग उन्हाळा तापला आणि कान पुन्हा पडले.

एका सकाळी उजवा मोडल्यासारखा बाजूला कलला होता. दोन दिवसांत डावाही खाली आला. मास्तरांनी हवालदारांना फोन केला, तर त्यांची बदली झालेली, ते दुसऱ्या जिल्ह्यात. मग गल्लीने सल्ले द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, कॅल्शियम कमी पडलं, बाटली आणा. कोणी म्हणालं, अंड्याची टरफलं कुटून घाला. कोणी म्हणालं, तिळाच्या तेलाने कान रोज चोळा. कोणी हळूच म्हणालं, रक्तात भेसळ असणार. मास्तरांनी सगळ्यांचं ऐकलं. कॅल्शियमची बाटली आणली आणि लवकर गुण यावा म्हणून सांगितलं होतं त्याच्या दुप्पट पाजलं. सकाळ-संध्याकाळ कान चोळले. आल्यागेल्याला दाखवताना दहा वेळा ते उचलून धरले.

याच दिवसांत लेकीला वाघ्याच्या गोणपाटावर एक दात सापडला. इवलासा, टोकदार, मुळाशी रक्ताची बारीक रेघ. ती धावत दुकानात आली.

"बाबा, वाघ्याचा दात पडला."

"हं," मास्तर म्हणाले. ते एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होते.

लेकीने तो दात काड्यापेटीत ठेवला. पुढे आणखी दोन सापडले, तेही ठेवले. पुन्हा काही ती सांगायला गेली नाही.

मास्तरांच्या मनात तेव्हा वेगळंच चाललं होतं. मऊ कापडाची कॉलर उभी राहते ती आतल्या बकरमने. मग कानाचं काय वेगळं? त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर वाघ्याच्या कानाचा खाका काढला. तो कापून बकरमवर ठेवला, खडूने कडा आखल्या, दुहेरी तुकडा कापला आणि टोचू नये म्हणून कडेला टीप मारली. काम सुबक झालं होतं. वाघ्याला मांडीत दाबून त्यांनी दोन्ही कानांत ते तुकडे बसवले आणि जखमेला लावायच्या चिकटपट्टीने कान बुडापासून टोकापर्यंत गुंडाळले. ढिलं राहू नये म्हणून आणखी दोन वेढे दिले.

कान उभे राहिले.

त्या रात्री वाघ्या रडला. मास्तरांनी गच्चीवरून आवाज दिला, "गप्प!" तो थोडा वेळ गप्प झाला आणि पुन्हा कुंईकुंई करू लागला. डोकं भिंतीला घासू लागला. "सवय होईल," मास्तर बायकोला म्हणाले. दुसऱ्या रात्रीही तेच झालं. तिसऱ्या रात्री तर तो जिना चढून आला आणि माठाजवळच्या घागरी पायाने ढकलू लागला. मास्तर उठले, त्याला दटावून खाली नेलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.

सकाळी शेजारीण विचारत आली, "तुम्ही भरलं का पाणी?"

रात्री नळ येऊन गेला होता. मास्तरांच्या घरात कोणाला जाग आली नव्हती.

हे दुःख ज्याने या शहरात उन्हाळा काढला आहे त्यालाच कळेल. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येतं, पण घरच्या नळाला ते किती दिवसांनी आणि कोणत्या वेळी येईल याचा भरवसा नसतो. आठ दिवस गेले तरी लोक बोलत नाहीत. लाइनमन येतो, गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यात किल्ली घालून व्हॉल्व्ह फिरवतो, आणि मग जो जागा असेल त्याचं पाणी. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर काढून याच गावाला पाणी पाजलं. पाणचक्कीत तसंच नहराचं पाणी आजही बघायला माणसं लांबून येतात. त्या गावातल्या बायांनी नळाखाली घागर लावून रात्र-रात्र बसावं, याचं मनाला फार लागतं. मास्तरांच्या बायकोने त्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडून हंडे वाहिले. ती काही बोलली नाही.

आठवडा उलटला. वाघ्या आता खेळत नव्हता. मास्तर पट्टी सोडून बघायला गेले की तो मशीनखाली शिरून बसे. त्यामुळे पट्टी सुटायची ती राहूनच गेली. उकाडा इतका की दुपारी दुकानाच्या पत्र्याच्या झापेला हात लाववत नसे. त्या उकाड्यात चिकटपट्टीखालची कातडी ओलसर होत होती.

मास्तरांना कोणीतरी सांगितलं की गुरुवारी छावणीच्या बाजारात जनावरं येतात, तिथे कानांतलं जाणणारा माणूस भेटेल. त्यांनी वाघ्याला टोपलीत घातलं आणि बाजारात गेले. तसा माणूस भेटला नाही. एक म्हातारा धनगर मात्र दिसला. चार मेंढ्या विकायला घेऊन तो लिंबाच्या सावलीत बसला होता. शेजारी त्याचा कुत्रा पडला होता. लांब तोंडाचा, हडकुळा, दोन्ही कान लोंबते.

धनगराने टोपलीत डोकावून बघितलं. "कान कशाला बांधलेत ह्याचे? लागलं का?"

"उभे राहावेत म्हणून."

धनगर विचारात पडला. "आमच्या ह्याचे तर जलमापासून खालीच हायेत," तो म्हणाला. "लांडगा आला की आमच्या आधी ह्यो उठतोय." मग जरा थांबून त्याने विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. हाकंला येतंय का?"

मास्तरांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी वाघ्याला जमिनीवर ठेवलं, चार पावलं मागे गेले आणि हाक मारली. "वाघ्या, ये."

वाघ्याने त्यांच्याकडे बघितलं. पोट जमिनीला टेकवलं. आणि तो मागे मागे सरकत धनगराच्या मेंढ्यांच्या पायात जाऊन लपला.

मास्तर तिथेच उभे राहिले. हे पिल्लू आणल्यापासून आपण त्याला कितीदा धरलं, उचललं, दाबलं, पण हाक अशी मारलीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"भ्यालंय तुम्हाला," धनगर म्हणाला. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. तो उठला, मेंढ्यांतून वाघ्याला हळूच काढलं आणि त्याच्या डोक्याजवळ नाक नेलं. "वास मारतोय कान. दवाखान्यात न्या आधी."

मास्तर घरी आले. लेक म्हणाली, मीही येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वाघ्याला घेऊन खडकेश्वरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेली. बाहेर एक शेळी, दोन वासरं आणि पिंजऱ्यात एक पोपट. नंबर आला तेव्हा डॉक्टरबाईंनी वाघ्याला टेबलावर घेतलं, आणि कानांना हात लावायच्या आधी हात त्याच्या नाकापुढे धरला. त्याने तो हुंगला. मग बाईंनी खोबरेल तेल मागवलं आणि कापसाने पट्टी कडेकडेने सोडवत बसल्या. केस ओढला जाऊ नये म्हणून एकेक वेढा भिजवायचा, थांबायचं, उचलायचा. बाहेर रांग होती, तरी त्यांनी घाई केली नाही.

बकरमचा तुकडा निघाला तेव्हा तो ओला होता. खालची कातडी लाल झाली होती आणि एका जागी सोलली होती. लेकीने तोंड फिरवलं. मास्तरांनी मात्र फिरवलं नाही.

"दात पडायला लागलेत का?" बाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे माहीत नाही," मास्तर म्हणाले.

लेकीने फ्रॉकच्या खिशातून काड्यापेटी काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी ती उघडली, दात तळहातावर घेतले आणि पहिल्यांदा हसल्या. "हिला सगळं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. मग औषध लावता लावता त्यांनी समजावून सांगितलं. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांचं होईतो त्या जागी पक्के बेचाळीस येतात. या दिवसांत उभे राहिलेले कान पुष्कळदा पडतात. आज एक उभा, उद्या दुसरा, परवा दोन्ही खाली. दात येऊन गेले की बहुतेकांचे परत उठतात.

"पण मी कॅल्शियम तर भरपूर पाजलं," मास्तर म्हणाले.

"ते आजपासून बंद. कानाच्या पाळीत हाड नसतं, कूर्चा असते. कॅल्शियमने ती ताठ होत नाही. आणि या वयाच्या मोठ्या जातीच्या पिल्लाच्या अंगाला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात मुरतं. कान राहतात तसेच, आणि पाय वाकडे होऊ शकतात."

मास्तरांनी वाघ्याच्या पायांकडे बघितलं. ते अजून सरळ होते.

बाईंनी जंताचं औषध दिलं, लसीची तारीख लिहिली आणि काय खायला घालायचं ते सांगितलं. चावायला काहीतरी द्या, म्हणाल्या. जाड कापड ओलं करून गार करून द्या, गाजर द्या. हिरड्यांना आराम पडतो आणि जबड्याला काम मिळतं. कानांना हात लावायचा नाही. चोळायचे नाहीत, दुमडायचे नाहीत, कोणाला दाखवायला उचलायचे नाहीत. "बांधायची रीत आहे, नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "हलकी कागदी पट्टी, आत मऊ स्पंज, कातडीला हवा लागेल असं सैल. थोड्या दिवसांनी सोडून बघायचं. पण ते दात येऊन गेल्यावर, आणि जाणकाराच्या हाताने. आठ महिन्यांचा झाला तरी कान पडलेलेच राहिले तर समजायचं की त्याची कूर्चा मुळातच नरम आहे. आईबापाकडून आलेलं असतं ते. मग त्याला त्रास देऊ नका."

"मग तो पोलिसांच्या कुत्र्यासारखा दिसणार नाही," मास्तर हळूच म्हणाले.

बाई हात धूत होत्या. "तुम्ही आपली उस्मानाबादी शेळी बघितलीय ना? तिचे कान कसे असतात?"

"लोंबते," लेक म्हणाली.

"डार्विन नावाचा एक मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने १८५९ साली लिहून ठेवलंय की माणसाने पाळलेलं असं एकही जनावर नाही, ज्याचे कान कुठल्या ना कुठल्या देशात पडलेले नाहीत. पुढे १९५९ साली रशियात काही लोकांनी रुपेरी कोल्हे पाळले. दर पिढीत जो कोल्हा माणसाला सगळ्यात कमी घाबरतो, त्याचीच पिल्लं वाढवायची. बाकी काही बघायचं नाही. काही पिढ्यांत ते कोल्हे शेपटी हलवू लागले, हात चाटू लागले. आणि त्यांच्यातल्या काही पिल्लांचे कान पडके निघाले. कानांसाठी कोणी काही केलं नव्हतं. भीती गेली, तिच्यामागून कानांचा ताठा गेला. असं का होतं ते अजून शोधताहेत." त्यांनी हात पुसले. "आणि ऐकायचं म्हणाल, तर आपल्या कानाच्या पलीकडचे आवाज त्याला ऐकू येतात. कान उभा असो, नाही तर पडका."

घरी येताना मास्तर रिक्षात गप्प होते. वाघ्या लेकीच्या मांडीवर झोपला होता.

त्या दिवसापासून मास्तरांनी एक काम धरलं. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी ते गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उकिडवे बसत आणि हाक मारत. पहिल्या दिवशी वाघ्या पायरीवरून हललाच नाही. मास्तर तसेच परत आले. पुढे कधी तो अर्ध्यापर्यंत येई आणि लेकीकडे पळे. पानवाला बघत असे. एक दिवस त्याने विचारलं, "मास्तर, कानांचं काय झालं?" "औषध चालू आहे," मास्तर म्हणाले आणि परत हाक मारली. जखम भरायला वेळ लागला. विश्वास बसायला त्याहून जास्त लागला. पण एका संध्याकाळी वाघ्या पायरीवरून उठला आणि थेट त्यांच्या गुडघ्यांवर येऊन आदळला. मास्तर मागे पडले. उठताना डोळे पुसत होते, ते पानवाल्याने बघितलं, आणि त्या दिवशी तो काही बोलला नाही.

मे महिना संपत आला होता. नळाला पाणी येऊन कितीतरी दिवस झाले होते. मास्तरांची बायको नळाखाली घागर लावून बसली होती. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. वाघ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर पडला होता. आता तो रात्री मोकळाच असे.

रात्री केव्हातरी तो उठला. मान वाकडी केली आणि तसाच थांबला. मग नळापाशी गेला, घागरीला नाक लावलं आणि बारीक आवाजात कुंईकुंई करू लागला.

मास्तर जागे झाले. "गप" हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. पण या खेपेला ते उठून खाली आले, आणि वाघ्याशेजारी बसले. "काय रे?" त्यांनी विचारलं. वाघ्याने त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा नळाकडे बघितलं. मास्तरांनी नळाला कान लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही. तरी ते उठले नाहीत.

थोड्या वेळाने नळातून हवा फुसफुसली. तोटी थरथरली. मग गढूळ पाण्याची एक गुळणी आली, आणि तिच्यामागून स्वच्छ धार लागली.

"अगं, ऊठ! पाणी!" मास्तर ओरडले. लेक उठली, शेजारीण उठली, दारादारांवर थापा पडल्या. गल्लीभर हंड्या-कळशांचा आवाज झाला. लाइनमनने तिकडे कोपऱ्यावर किल्ली फिरवली होती, आणि नळीतली हवा सरकू लागली होती, ती त्या पडक्या कानांना सगळ्यांच्या आधी कळली होती.

पिंप भरत असताना मास्तरांची बायको एकदम थांबली. "मागे ते कान बांधले होते," ती म्हणाली, "तेव्हाही हा असाच सांगायला वर आला होता. घागरी ढकलत होता. तुम्ही त्याला दुकानात कोंडलंत. त्याच रात्री पाणी येऊन गेलं होतं."

मास्तरांनी भरलेली कळशी खाली ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मास्तर वाईट नव्हते. वाघ्याचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं, आणि त्यासाठी त्यांनी पैसे घातले, कष्ट केले, हातचं कसबही लावलं. पण कान दिसतो कसा, एवढंच ते बघत राहिले. कान असतो ऐकायला, हे त्यांच्या मनातून निसटलं, वाघ्याच्या बाबतीत आणि स्वतःच्याही. लेक दाताचं सांगत होती, पिल्लू रात्रभर सांगत होतं, आणि ते पानवाल्याचं ऐकत होते. आपल्या हाताखाली वाढणाऱ्या जिवाचं आपण असंच करतो. त्याला मदत करायची म्हणून जे करतो, त्यातलं त्याच्यासाठी किती आणि गल्लीसाठी किती, हे त्याच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय कळत नाही.

पावसाळा आला. वाघ्याचे पक्के दात आले. दुकानातल्या एका स्टुलाचा पाय त्याने त्यापायी कुरतडून ठेवला. श्रावणात त्याचा उजवा कान उभा राहिला आणि राहिला तो राहिलाच. डावा अर्ध्यावर येऊन थांबला. टोक बाहेरच्या बाजूला कललेलं. आठ महिने होऊन गेले तरी ते तसंच होतं. पुढे कोणी त्याला शेफर्ड म्हणालं, कोणी गावठी म्हणालं. पण नळाची पाळी जवळ आली की गल्लीतल्या बाया संध्याकाळीच विचारून ठेवत, "मास्तर, वाघ्या आज बाहेर झोपणार ना?"

पोळा झाल्यावर एके दिवशी पलीकडच्या गल्लीतला एक तरुण दुकानात आला. त्याच्या हातात एक पिल्लू होतं, शेफर्डचंच, दोन्ही कान पडलेलं. त्याने दुसऱ्या हातात चिकटपट्टीचं रीळ धरलं होतं.

"मास्तर, तुम्हाला कानांचं कळतं म्हणे," तो म्हणाला. "बकरमचा तुकडा द्याल का?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. चष्मा काढला आणि पिल्लाकडे बघितलं. वय विचारलं. जंताचं औषध दिलंय का, काय खातं, रात्री रडतं का, हे एकेक करून विचारलं. तरुणाला त्यातलं निम्मं सांगता आलं नाही. मास्तरांनी एका चिठ्ठीवर खडकेश्वरच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला आणि सकाळी लवकर जा म्हणाले. कॅल्शियम आणू नको, आणलं असलं तर पाजू नको, असंही बजावलं.

"पण कान उभे राहतील ना?" तरुणाने विचारलं.

"बहुतेक राहतील. त्याला अजून वेळ आहे," मास्तर म्हणाले. "ते रीळ इथे ठेव. पिल्लाला खाली सोड, त्या कोपऱ्यापर्यंत जा, आणि त्याला हाक मारून बघ."